कासवाच्या ताटात गवत कधी आले?

१७८० सालच्या मार्च महिन्यात इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात, रिंगमर गावी, रिबेका स्नूक नावाच्या वृद्ध बाई वारल्या. त्यांचा भाचा गिल्बर्ट व्हाइट हा सेलबर्न गावचा पाद्री आणि पक्का निसर्गवेडा. आत्याच्या अंगणात चाळीसेक वर्षे राहिलेले कासव त्याने हिवाळी झोपेतून उकरून काढले, मातीच्या खोक्यात ठेवले आणि घोडागाडीतून ऐंशी मैलांवरच्या सेलबर्नला आणले. रस्त्याच्या खडखडाटाने कासवाला जाग आली. बागेत सोडल्यावर त्याने दोनदा बागेच्या टोकापर्यंत फेरी मारली आणि संध्याकाळी गारठा पडताच पुन्हा मातीत दडी मारली. त्याचे नाव टिमथी. ती मादी होती हे मात्र व्हाइट आणि टिमथी दोघेही गेल्यावर उघड झाले.

व्हाइटचे सेलबर्नच्या निसर्गावरचे पुस्तक १७८९ साली निघाले. कासवाने काय खाल्ले, कधी खाल्ले आणि कधी तोंड फिरवले याची इतकी प्रामाणिक नोंद त्याआधी क्वचितच कोणी ठेवली असेल. वसंतात जमिनीतून वर आल्यावर टिमथीला अन्नाची फारशी इच्छा नसे. भर उन्हाळ्यात मात्र ती अधाशासारखी खाई आणि शरद ऋतूच्या अखेरचे सहाएक आठवडे जवळजवळ उपाशी राही. तिला आवडत ती चीक निघणारी झाडे: लेट्यूस, डँडेलियन, सोथिसल. ही यादी आजच्या पशुवैद्यालाही मान्य व्हावी अशी आहे, कारण टिमथी भूमध्य समुद्राकाठच्या जातीची होती आणि त्या जातीला असाच रानपाला लागतो. वाळलेल्या गवताचा मात्र या यादीत पत्ता नाही, आणि पुढची जवळजवळ दोनशे वर्षे कासव पाळणाऱ्या बहुतेकांच्या यादीतही तो नव्हता.

त्याचे एक कारण समुद्रावर सापडते. सतराव्या शतकापासून चाचे, व्यापारी आणि पुढे देवमाशांचे शिकारी गॅलापागोस बेटांवर थांबत आणि महाकाय कासवे जिवंतच जहाजाच्या तळघरात रचून ठेवत. ताज्या मांसाचा एवढा सोयीचा साठा दुसरा नव्हता. १८१३ साली अमेरिकी नौदलाचा कप्तान डेव्हिड पोर्टर ‘एसेक्स’ जहाज घेऊन तिथे पोचला. ही कासवे दाणापाण्यावाचून दीड वर्षदेखील तग धरतात, असे त्याने लिहून ठेवले. ती अंगातली चरबी आणि साठवलेले पाणी जाळून कशीबशी तगत होती, हे पाहायची गरज खलाशांना नव्हती. बंदरावरच्या गप्पांतून समज पसरला तो एवढाच की कासवाला खायला घालावेच लागत नाही.

असा प्राणी पाळायला कोणाला नको असेल?

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर कासवे विकली जात. १८५० च्या सुमारास लंडनच्या गोरगरिबांच्या धंद्यांची पाहणी करणाऱ्या हेन्री मेह्यूला या विक्रीचा आकडा पाहून नवलच वाटले होते, कारण ज्याचा काडीचा उपयोग नाही आणि जे इंग्लंडच्या हवेत निम्मे वर्ष निपचित पडून असते, ते लोक विकत का घेतात हे त्याला उमगेना. विसाव्या शतकात ही विक्री मोठी घाऊक उलाढाल झाली. मोरोक्को, तुर्कस्तान आणि युगोस्लाव्हियातून रानातली कासवे लाखोंच्या संख्येने पेट्यांत एकावर एक रचून ब्रिटनमध्ये येऊ लागली आणि मुलांच्या खाऊच्या पैशांत मिळू लागली. बीबीसीच्या ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात १९६३ पासून एक कासव होते. त्याचे नाव आधी फ्रेड ठेवले, मग ती मादी निघाल्यावर फ्रेडा केले. हिवाळा आला की कासवाला पेंढ्याच्या पेटीत कसे निजवायचे, याचे पाठ त्या काळच्या पिढ्यांनी टीव्हीसमोर बसून घेतले.

म्हणजे पेंढा आणि वाळके गवत कासवाच्या घरात होतेच, पण अंथरूण म्हणून. ताटात पडे ते लेट्यूस, काकडी, टोमॅटो आणि पुष्कळदा दुधात भिजवलेला पाव. पुढे कुत्र्यामांजरांचे डब्यातले खाणेही त्यात आले. कासव ते आवडीने खाई आणि मालकाला समाधान वाटे. पहिल्याच हिवाळ्यात असंख्य कासवे दगावत. अशक्त अवस्थेत झोपी गेलेले कासव वसंतात उठतच नसे. पण नवे कासव इतके स्वस्त होते की आधीचे का मेले याचा छडा लावायची तसदी कोणी घेतली नाही. या काळातली सर्वांत संतापजनक गोष्ट हीच वाटते: स्वस्ताईने अज्ञान पोसले.

१ जानेवारी १९८४ रोजी चित्र पालटले. युरोपीय आर्थिक समुदायाने भूमध्य प्रदेशातल्या टेस्टुडो जातींच्या व्यापारी आयातीवर बंदी घातली आणि पेट्या येणे थांबले. ज्यांच्याकडे कासवे होती त्यांनी आता अंडी उबवायला सुरुवात केली आणि उबवणपेटीतून प्रथमच मोठ्या संख्येने पिल्ले बाहेर पडू लागली. तोवर पाळीव कासव म्हणजे रानात वाढून आलेले, हाडाकवचाने तयार झालेले जनावर. त्याला चुकीचे खायला घातले तरी ते काही वर्षे खपून जाई. पिल्लाच्या बाबतीत मात्र पाठीच्या ढालीपासून मूत्रपिंडापर्यंत सगळे मालकाने घातलेल्या अन्नातूनच घडायचे होते.

परिणाम थोड्याच वर्षांत दिसला. पिल्ले झपाट्याने वाढत, वजन भराभर चढे आणि मालक खूश होत. मग ढालीचा एकेक तुकडा टेंगळासारखा वर येऊ लागे आणि गुळगुळीत घुमटाऐवजी पाठ उंचसखल होई. पाळणारे याला पिरॅमिडिंग म्हणतात. कित्येकांची ढाल मऊ पडे, जबडा वाकडा होई आणि शवविच्छेदनात मूत्रपिंडे निकामी झालेली आढळत. ए. सी. हायफिल्ड यांच्यासारखे अभ्यासक १९८० च्या दशकापासून डब्यातल्या मांसान्नावर तुटून पडले आणि तंतूंनी भरलेल्या रानपाल्याचा आग्रह धरू लागले. सुरुवातीला हौशी पाळणाऱ्यांना ते पटेना. जे समोर ठेवताच फस्त होते ते वाईट कसे, हा त्यांचा प्रश्न होता.

कासव हे चरणारे जनावर आहे याचा पुरावा मात्र शंभर वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर १८८२ साली सेशेल्सहून जोनाथन हे महाकाय कासव आले. त्याच सुमाराच्या एका छायाचित्रात तो गव्हर्नरच्या बंगल्याच्या हिरवळीवर चरताना दिसतो. हिंदी महासागरातल्या अल्डाब्रा बेटावरची गोष्ट तर याहून मोठी. १८७४ मध्ये तिथली कासवे वाचवा असा अर्ज मॉरिशसच्या गव्हर्नरकडे गेला. त्यावर सह्या करणाऱ्यांत चार्ल्स डार्विन आणि जोसेफ हुकर होते. १९६० च्या दशकात तिथे लष्करी विमानतळ बांधण्याचा ब्रिटिशांचा बेत बारगळला, रॉयल सोसायटीच्या मोहिमा सुरू झाल्या आणि शास्त्रज्ञांनी बेटावर मुक्काम ठोकला.

त्यांना तिथे सुमारे एक लाख कासवे दिसली आणि त्यांच्या पायाखाली एक अजब कुरण. वीसेक जातींची बुटकी गवते, लव्हाळे आणि तणे जमिनीला इतकी चिकटून वाढलेली होती की जणू कोणी रोज यंत्राने कापते. कासवांच्या अखंड चरण्यामुळे या वनस्पतींचे रूपच बदलले होते. काहींचे बी तर जमिनीलगत धरते, म्हणजे चोचीच्या टप्प्याखाली. शास्त्रज्ञांनी याला ‘टॉर्टॉइज टर्फ’ असे नाव दिले. आफ्रिकेच्या माळावर झेब्रे आणि हरणे जे करतात ते या बेटावर कासवे करतात, असे आता निःशंकपणे म्हणता येऊ लागले.

पण दात नसलेले, थंड रक्ताचे जनावर गवत पचवते कसे? कॅरन ब्योर्नडाल यांनी १९८० च्या दशकात फ्लोरिडातल्या गोफर कासवांवर काम करून दाखवले की त्यांच्या मोठ्या आतड्यात सूक्ष्मजीव गवताचा कठीण भाग आंबवतात. हे काम घोड्याच्या आतड्यातल्यासारखेच चालते, फक्त फार सावकाश. घास आत गेल्यापासून बाहेर पडेपर्यंत कित्येक दिवस, कधी आठवडे जातात. शिवाय ही भट्टी ऊब असेल तरच पेटते. गारठलेल्या कासवापुढे उत्तम गवत ठेवले तरी ते आतड्यात तसेच पडून राहते.

झुरिच प्राणिसंग्रहालयात गॅलापागोस कासवांची पिल्ले जन्मतात. तिथल्या पिल्लांना किती तंतू पचतो हे जाँ-मिशेल हाट, मार्कुस क्लाउस आणि सहकाऱ्यांनी मोजले आणि २००५ साली निष्कर्ष छापला. प्राणिसंग्रहालयात पिल्ले फार लवकर वाढतात, कारण त्यांचे अन्न फार सहज पचते. त्यात वाळल्या गवताचे प्रमाण वाढवावे, म्हणजे वाढीला लगाम बसेल. त्याआधी दोन वर्षे व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठात वीसनर आणि इबेन यांनी आफ्रिकेतल्या सुल्काटा जातीच्या पिल्लांना वेगवेगळ्या आर्द्रतेत आणि वेगवेगळ्या प्रथिनांवर वाढवून पाहिले होते. टेंगळे कोरड्या हवेत जास्त आली. प्रथिनांचा वाटा त्या मानाने किरकोळ निघाला. सगळा दोष अन्नावर टाकणाऱ्यांना ही चपराक होती. तरीही हौशी पाळणाऱ्यांत ‘प्रथिन वाईट, गवत चांगले’ एवढेच सूत्र चालू राहिले आणि पिल्ले दिव्याखाली कोरड्या पेटीत वाळत राहिली.

गवताचा प्रश्न सर्वांत तीव्र झाला तो अमेरिकेत, याच सुल्काटांमुळे. सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातले हे कासव पक्के गवतखाऊ आणि आकाराने जगात तिसरे. मादी एका वेळी वीसपंचवीस अंडी घालते, तेही वर्षातून अनेकदा. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या उबदार राज्यांत इतकी पिल्ले झाली की भाव कोसळले. २००० साली रानातून पकडलेल्या सुल्काटांच्या व्यापारी निर्यातीचा कोटा शून्यावर आला, पण तोवर घरोघरचे उत्पादन बाजाराला पुरून उरत होते. पाच सेंटीमीटरचे गोंडस पिल्लू पुढे ४५ किलोंच्या वर जाते, कुंपण उपटते आणि अंगणात माणूस मावेल एवढे बीळ खणते. एवढ्या देहाला लेट्यूसवर पोसणे कोणालाच परवडत नाही. गवताची गासडीच आणावी लागते. आणि नेमके पिल्लू गवताला तोंड लावत नाही.

यात पिल्लाचा हट्ट कमी आणि शरीराची अडचण जास्त. त्याचा जबडा लहान, चोच कोवळी. वाळलेल्या गवताची काडी त्याला कापता येत नाही. रानात पिल्ले पावसाच्या सुमारास बाहेर येतात, तेव्हा आजूबाजूला कोवळे कोंब आणि रुंद मऊ पाने असतात. सूक्ष्मजीवांचाही प्रश्न आहे. पनामात कॅथरीन ट्रॉयर यांनी १९८२ मध्ये दाखवले की हिरव्या इग्वानाची पिल्ले मोठ्यांची विष्ठा खाऊन आतड्यातली आंबवणारी फौज मिळवतात. कासवांची पिल्लेही मोठ्यांच्या लेंड्या आवर्जून खातात. उबवणपेटीतून थेट काचेच्या टाकीत आलेल्या पिल्लाला ना आई भेटते, ना तिची लेंडी.

मग पाळणाऱ्यांनी अनुभवातून एक रीत बसवली. आज ती बहुतेक ठिकाणी सारखीच आहे. टिमथी नावाचे खरबरीत गवत पिल्लांना नको (व्हाइटच्या कासवाशी त्याचा संबंध नाही, ते टिमथी हॅन्सन नावाच्या अमेरिकी शेतकऱ्यावरून ओळखले जाते). त्याऐवजी ऑर्चर्ड किंवा बर्म्युडासारखे मऊ गवत घ्यायचे. बर्म्युडा म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. वाळलेली हरळी कात्रीने नखाएवढी बारीक कापायची, कोमट पाण्यात भिजवून मऊ करायची आणि पिल्लाला आवडणाऱ्या ओल्या पाल्यात कालवायची. लेकराच्या वरणभातात पालेभाजी कुस्करून घालावी तसे. पहिल्या दिवशी चिमूटभर, मग दर आठवड्याला थोडे जास्त. काही जण गवत मिक्सरमध्ये भुकटी करून पाल्यावर भुरभुरतात. काही जण निवडुंगाचा ठेचा करून त्यात गवत घोळतात, म्हणजे चिकटपणामुळे पिल्लाला पाला वेगळा काढून खाता येत नाही.

दुसरी वाट ताज्या गवताची. उथळ ट्रेमध्ये गहू किंवा ओट पेरायचे आणि कोंब बोटभर झाले की ट्रेच पिल्लाच्या पेटीत ठेवायचा. ओढून तोडायची सवय अशीच लागते. कापून दिलेल्या अन्नावर चोच झिजत नाही. बाजारात गवताची भुकटी घातलेल्या गोळ्याही मिळतात. भिजवलेल्या गोळ्यांची चटक लावून त्यात गवत मिसळणे हा पुष्कळांचा मधला मार्ग. एवढे करूनही पिल्लू सुके गवत मनापासून खायला लागायला वर्षभर, काहींना त्याहून जास्त लागते. भुकेले ठेवले की आपोआप खाईल, हा जुना सल्ला अजून कुठे कुठे दिला जातो. तो खलाशांच्या समजाचाच वारसा आहे आणि मोडीत काढण्याच्याच लायकीचा. वाढीच्या वयात उपासाने सुधारलेले पिल्लू कोणी दाखवलेले नाही.

गवताची ही महती सरसकट नाही, हेही सांगायला हवे. अमेरिकेच्या मोहावी वाळवंटातल्या कासवांच्या पिल्लांना संशोधकांनी वेगवेगळे अन्न देऊन पाहिले. २०१६ साली छापलेल्या या प्रयोगात स्थानिक रानफुलांच्या झाडांवर वाढलेली पिल्ले ठणठणीत राहिली. फक्त रेड ब्रोम हे परदेशी गवत खाणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश पिल्ले मेली किंवा इतकी आजारी झाली की त्यांना प्रयोगातून काढावे लागले. त्या गवताचे टोकदार कुसळ पिल्लांच्या जबड्यात रुतत होते. दक्षिण अमेरिकेतल्या लाल पायांच्या जंगली कासवांना फळे लागतात. म्हाताऱ्या जोनाथनलाही नुसती हिरवळ पुरेनाशी झाली. मोतीबिंदूने अंध झालेल्या आणि वासही न येणाऱ्या जोनाथनला गवताचा नेमका घास सापडेना, त्याची चोच बोथट आणि ठिसूळ झाली. तेव्हा पशुवैद्य जो हॉलिन्स यांनी त्याला आठवड्यातून एकदा हाताने गाजर, काकडी, केळे, सफरचंद भरवायला सुरुवात केली. चोच पुन्हा धारदार झाली.

आपल्याकडचे सर्वांत प्रसिद्ध पाळीव कासव कोलकात्याचे. अलिपूर प्राणिसंग्रहालयातला अद्वैत हा अल्डाब्राचा नर मार्च २००६ मध्ये मरण पावला. तो रॉबर्ट क्लाइव्हच्या बागेतला आणि अडीचशे वर्षांचा, ही ख्याती सिद्ध झालेली नाही. त्याचा खुराक मात्र माहीत आहे: गव्हाचा कोंडा, गाजर, लेट्यूस, भिजवलेले हरभरे, पाव, मीठ आणि गवत. पाव वगळला तर अलिपूरचे जुने रखवालदार इंग्रज मालकांपेक्षा शहाणे होते असेच म्हणावे लागेल.

मुंबई-पुण्याच्या बाजारात लपूनछपून विकले जाते ते चांदणी कासव, म्हणजे स्टार कासव. गुजरात-राजस्थानचा कोरडा पट्टा, दक्षिणेतली आंध्र, कर्नाटक आणि तमिळनाडूची झुडपी राने आणि श्रीलंका हे त्याचे घर. गवत आणि रानपाला हेच त्याचे मुख्य अन्न. काळ्या ढालीवरच्या पिवळ्या चांदण्या हा त्याचा शाप ठरला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार भारतातल्या एकाच व्यापारी केंद्रातून वर्षाला किमान ५५ हजार चांदणी कासवे रानातून उचलली जात होती. २०१९ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत त्याचा समावेश वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात झाला आणि त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने ते घरात ठेवणे गुन्हा आहे. सुल्काटासारख्या विदेशी जातींची मालकी २०२४ च्या नियमांनुसार सरकारकडे नोंदवावी लागते.

तेव्हा घरात भरभराट येते असे सांगून कोणी चांदणी कासव आणून दिले, तर त्याच्यासाठी हरळी कापत बसू नका. काकडी-टोमॅटोही घालू नका. महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवा आणि कासव त्यांच्या हवाली करा.